कुंपण शेत खाऊ लागलं तेव्हा...

माझी धाकटी बहीण गेली वीस वर्षं रोज रात्री जेवणानंतर एक फिकट पिवळी गोळी घेते. टीव्हीवरची मालिका बघता बघता, पाण्याच्या एका घोटाबरोबर. तिच्या लेखी आता ते औषधही राहिलेलं नाही. जेवणानंतर बडीशेप घ्यावी, तशी ती गोळी. ही गोळी जिनं जगाला दिली, त्या बाईचं नाव आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी तर तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं!

ते नाव मला कळलं गेल्या वर्षी. आमच्या महिला मंडळानं २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला माझं व्याख्यान ठेवलं होतं. विषय, स्त्री शास्त्रज्ञ. मेरी क्युरी सगळ्यांना पाठ असतात, म्हणून मी दुसऱ्या कुणाचा तरी शोध घेत होते. त्यात गर्ट्रूड एलियन हे नाव सापडलं. वाचता वाचता मी अशा एका पानावर आले, की हातातलं पुस्तक बाजूला ठेवून थेट बहिणीला फोन लावला. तो फोन का लावला, ते पुढे ओघात सांगेनच. पण त्याआधी थोडं मागं जायला हवं.

२००४ सालचा पावसाळा. बहीण तेव्हा बत्तीस वर्षांची, पदरात दोन लहान मुलं. आधी नुसता थकवा, मग जेवणावरची वासना गेली, आणि एके दिवशी डोळे पिवळे दिसू लागले. कावीळ! आपल्याकडे कावीळ म्हटली की प्रत्येकाजवळ एक औषध असतंच. कुणी गळ्यात माळ बांधून आणली, कुणी कसला पाला वाटून दिला, तेलतूप बंद झालं, उसाचा रस सुरू झाला. पंधरा दिवसांत उतरेल म्हणणारी कावीळ दोन महिने झाले तरी उतरेना. शेवटी शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. कावीळ करणाऱ्या विषाणूंच्या सगळ्या तपासण्या झाल्या, एकही विषाणू सापडला नाही. मग यकृताचा सुईएवढा तुकडा काढून तपासला आणि निदान झालं. तिच्याच शरीरातल्या संरक्षक पेशी तिच्या यकृतावर उलटल्या होत्या. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं नाव लांबलचक होतं, ऑटोइम्यून हेपेटायटिस. आमच्या आईला ते काही कळेना. तेव्हा त्या डॉक्टरांनीच तिला समजेल अशा भाषेत सांगितलं, की आजी, इथं कुंपणच शेत खातंय. शेतकऱ्याच्या घरातली ती बाई, तिला क्षणात सगळं समजलं.

यकृत हे आपल्या पोटातलं सगळ्यांत मोठं इंद्रिय. मोठ्या माणसाचं यकृत दीड किलोच्या आसपास भरतं. आतड्यांतून निघालेलं जवळजवळ सगळं रक्त आधी यकृतात येतं आणि मगच पुढं जातं. या रक्ताबरोबर पचलेल्या अन्नाचे अंश येतात, तसे आतड्यांतल्या जंतूंचे तुकडेही येतात. म्हणजे यकृत हा शरीराचा जकात नाका म्हणायला हरकत नाही. नाका म्हटला की पहारा आलाच. यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पहारेकरी पेशी कार्ल फॉन कुफर या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञानं १८७६ साली पाहिल्या. आजही त्यांना कुफर पेशी म्हणतात. येणारा कचरा आणि जंतू गिळून टाकणं हे त्यांचं काम. त्यांच्या जोडीला रक्तातून फिरतीवर येणारी फौज असते, ती लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची. त्यांतल्या टी पेशी शत्रूला ओळखतात, त्याच्यावर चालून जातात आणि इतरांनाही हाका मारतात.

यकृताची खुबी अशी, की इथला पहारा सोशिक असतो. रोज जेवणाबरोबर परकी द्रव्यं येणार, त्या प्रत्येकावर लाठी उगारली तर जगणं अशक्य होईल. म्हणून इथल्या पेशी बरंच काही मुकाट्यानं जाऊ देतात. पण काही माणसांत, आणि त्यातही बायकांत जास्त, हा सोशिकपणा संपतो. टी पेशी यकृताच्या निरोगी पेशींनाच शत्रू समजू लागतात. एक पेशी मेली की तिच्यातले पदार्थ रक्तात सांडतात. रक्ततपासणीत एसजीपीटीचा आकडा वाढतो, तो यामुळंच. मेलेल्या पेशींच्या जागी वण धरतो. वणावर वण साठत गेले की मऊ यकृत दगडासारखं होतं. त्यालाच आपण सिऱ्हॉसिस म्हणतो. दारूचा थेंबही न घेतलेल्या बाईला सिऱ्हॉसिस कसा झाला, असं लोक कुजबुजतात, त्यामागं कधी कधी हे कारण असतं.

बहिणीला आधी स्टेरॉइड सुरू केलं. पेटलेल्या घरावर बंब मारावा तसं ते झटपट काम करतं. पण बंब रोज रोज मारता येत नाही. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. म्हणून स्टेरॉइड हळूहळू कमी करत न्यायचं आणि जोडीला ती फिकट पिवळी गोळी द्यायची. तिचं नाव ॲझाथायोप्रिन. ती सावकाश काम करते, गुण यायला आठवडे, कधी महिने लागतात. पण एकदा लागू पडली, की वर्षानुवर्षं ते उलटलेलं कुंपण ताब्यात ठेवते.

आता त्या गोळीच्या आईची गोष्ट.

गर्ट्रूड एलियन हिचा जन्म २३ जानेवारी १९१८ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील लिथुआनियातून लहानपणी अमेरिकेत आलेले, कष्टानं शिकून दातांचे डॉक्टर झालेले. आईही रशियन साम्राज्यातून पोरवयात आलेली. घरची माणसं मुलीला ट्रूडी म्हणत. पुस्तकांची तिला विलक्षण ओढ होती. घरात सुबत्ता होती, पण १९२९ साली शेअर बाजार कोसळला आणि वडिलांची पुंजी त्यात बुडाली.

ट्रूडी पंधरा वर्षांची असताना तिचे आजोबा गेले. ती तीन वर्षांची होती तेव्हा ते रशियातून आले होते. आजोबा-नातीचं फार जमायचं. त्यांना पोटाचा कर्करोग झाला आणि शेवटचे दिवस अतिशय वेदनेत गेले. ते हाल तिनं पाहिले. त्याच वर्षी, १९३३ मध्ये, तिला कॉलेजात विषय निवडायचा होता. तिनं रसायनशास्त्र निवडलं. या रोगावर काहीतरी शोधायचं, असं त्या पोरीनं मनाशी ठरवलं. ठरवणं सोपं असतं, आपणही त्या वयात काय काय ठरवतो! पण ही मुलगी ठरवलेलं विसरली नाही.

न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात मुलींना फी नव्हती, म्हणून शिक्षण झालं. १९३७ साली ती उत्तम गुणांनी पदवीधर झाली. पुढं शिकायला पैसा नव्हता. तिनं पंधरा विद्यापीठांकडं आर्थिक मदतीसाठी अर्ज केले, सगळीकडून नकार आला. नोकरीसाठी हिंडली तर प्रयोगशाळांत बाईला जागा नव्हती. एका ठिकाणी तर मुलाखत छान झाली, पण एवढी देखणी मुलगी आली तर पुरुषांचं कामात लक्ष लागणार नाही, म्हणून नकार मिळाला. याच १९३३ च्या सुमारास आपल्याकडे कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमलाबाई सोहोनी, बंगलोरच्या विज्ञान संस्थेच्या दारात उभ्या होत्या आणि केवळ मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला जात होता. देश निराळे, दारं तीच.

ट्रूडीनं काही आठवडे सेक्रेटरीचं काम शिकवणाऱ्या वर्गातही काढले. मग परिचारिकांना जीवरसायन शिकवायची तीन महिन्यांची नोकरी मिळाली, ती संपली. पुढं एका रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत तिनं बिनपगारी काम धरलं. कामाची सवय तरी राहील, एवढाच हेतू. कालांतरानं तिथं आठवड्याला बारा डॉलर मिळू लागले, पुढं वीस झाले. त्यातून वाचवलेल्या पैशांवर तिनं न्यूयॉर्क विद्यापीठात एम.एस्सी.ला नाव घातलं. रसायनशास्त्राच्या त्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. दिवसा शाळांमध्ये बदली शिक्षिका म्हणून शिकवायचं आणि रात्री व सुटीच्या दिवशी प्रयोग करायचे. १९४१ साली पदवी हाती आली.

आणि त्याच वर्षी दुसरा घाव बसला. लिओनार्ड कँटर नावाच्या हुशार तरुणाशी तिचं लग्न ठरलं होतं. त्याच्या हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग झाला. आज त्यावर प्रतिजैविकं आहेत. त्या वेळी पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोचायला थोडीच वर्षं बाकी होती. ती थोडी वर्षं त्याच्याजवळ नव्हती. तो गेला. ट्रूडीनं पुढं लग्न केलं नाही. वेळेवर मिळालेलं औषध आणि उशिरा आलेलं औषध यांत काय अंतर असतं, हे तिला पुस्तकात वाचावं लागलं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू झालं, पुरुष आघाडीवर गेले, आणि रिकाम्या प्रयोगशाळांना बायकांची आठवण झाली. ट्रूडीला आधी काम मिळालं ते एका किराणा कंपनीत. लोणच्याची आंबटाई मोजायची आणि मेयोनीजमध्ये जाणाऱ्या अंड्याच्या बलकाचा रंग तपासायचा! शिकण्यासारखं होतं तेवढं शिकून झाल्यावर तिनं ती नोकरी सोडली. मग एके दिवशी वडिलांनी एका औषध कंपनीचं नाव सुचवलं. त्यांच्या दवाखान्यात त्या कंपनीच्या वेदनाशामक गोळ्यांचे नमुने येत असत. कंपनी होती बरोज वेलकम, प्रयोगशाळा न्यूयॉर्कजवळच्या टकाहो गावात. १९४४ साली जॉर्ज हिचिंग्ज या शास्त्रज्ञानं तिला हाताखाली घेतलं. पगार आठवड्याला पन्नास डॉलर. ही जोडी पुढं चाळीस वर्षं टिकली.

हिचिंग्ज यांची कल्पना त्या काळी जगावेगळी होती. औषध शोधायचं म्हणजे हाती लागेल ते रसायन उंदराला देऊन बघायचं, अशी तेव्हाची रीत. हिचिंग्ज म्हणत, की आधी पेशी कशी वाढते ते समजून घेऊ. प्रत्येक पेशीला दोन व्हायचं असेल तर आपल्या केंद्रातल्या डीएनएची नक्कल करावी लागते. त्यासाठी विटा लागतात. त्यांतल्या काही विटांचं नाव प्युरिन. आपण हुबेहूब तशीच दिसणारी, पण कच्ची वीट बनवली तर? भराभर वाढणारी पेशी ती उचलेल, भिंतीत लावेल आणि तिचं बांधकाम अडेल. लक्षात घ्या, डीएनएचा गोफ कसा असतो हे जगाला १९५३ साली कळलं. ही माणसं त्याच्याआधी कित्येक वर्षं या कच्च्या विटा भाजत बसली होती.

प्युरिनचं काम ट्रूडीकडं आलं. दिवसा प्रयोगशाळा आणि रात्री डॉक्टरेटसाठी ब्रुकलिनला लांबचा प्रवास, असं काही वर्षं चाललं. मग तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, की नोकरी सोडून पूर्ण वेळ शिकायला या, नाहीतर डॉक्टरेट विसरा. फार जड मनानं तिनं डॉक्टरेट सोडली. नोबेल पारितोषिक घेताना तिच्यापाशी कमावलेली पीएच.डी. नव्हती! ज्या घरात मुलीचं शिक्षण पैशापायी किंवा संसारापायी अर्धं राहिलं असेल, त्या घरानं हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

१९५१ पर्यंत तिनं शंभरावर प्युरिनसारखी द्रव्यं बनवून तपासली होती. त्यांतलं एक ६-मर्कॅप्टोप्युरिन. मूळ प्युरिनमध्ये एका जागी गंधकाचा अणू बसवलेला, एवढाच फरक. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना ते दिलं तेव्हा रोग मागं हटला. तोवर ही मुलं निदानानंतर काही महिन्यांतच जात. १९५३ साली या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. पण बऱ्याच मुलांमध्ये रोग उलटून येई. सुधारलेलं मूल पुन्हा आजारी पडल्याची बातमी आली की ट्रूडी खचून जाई. तरी काम थांबलं नाही. आज हेच औषध इतर औषधांच्या जोडीनं वापरतात, आणि चांगले उपचार मिळालेली बहुसंख्य मुलं बरी होतात.

इथवर सगळं कर्करोगाचं. मग यकृताचा आणि माझ्या बहिणीचा संबंध कुठं आला?

तो आला सशांमुळं. बोस्टनमध्ये रॉबर्ट श्वार्ट्झ आणि विल्यम डॅमशेक या दोन डॉक्टरांच्या मनात एक साधा विचार आला. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि हे औषध त्यांना अडवतं. शरीरात परका पदार्थ शिरला की निरोगी लिम्फोसाइटही भराभर वाढतात. मग हे औषध त्यांनाही अडवेल का? त्यांनी सशांना परकं प्रथिन टोचलं आणि जोडीला ६-मर्कॅप्टोप्युरिन दिलं. सशांच्या शरीरानं त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्यं तयारच केली नाहीत. हे १९५८-५९ मधलं काम. कर्करोगाचं औषध प्रतिकारशक्तीला लगाम घालू शकतं, हे प्रथमच स्पष्ट झालं.

ही बातमी लंडनमधल्या रॉय काल्न या तरुण शल्यविशारदापर्यंत पोचली. मूत्रपिंड बदलण्याचे प्रयोग तो कुत्र्यांवर करत होता आणि दर वेळी परकं मूत्रपिंड शरीर नाकारत होतं. या औषधानं ते काही काळ टिकू लागलं. १९६० साली तो पुढच्या कामासाठी बोस्टनला निघाला, तेव्हा वाटेत टकाहोला थांबला. हिचिंग्ज आणि एलियन यांनी त्याला आणखी काही द्रव्यं दिली. त्यांत एक होतं ॲझाथायोप्रिन. ट्रूडीनं ६-मर्कॅप्टोप्युरिनच्या गंधकावर एक रासायनिक टोपी चढवली होती. शरीरात गेल्यावर ती टोपी हळूहळू निघावी आणि औषध जपून वापरलं जावं, अशी योजना. कर्करोगात त्याचा काही वेगळा फायदा दिसला नव्हता. पण बोस्टनमध्ये लॉलिपॉप नावाची एक कुत्री परक्या कुत्र्याच्या मूत्रपिंडावर या औषधाच्या आधारानं महिनोन् महिने हुंदडत राहिली. १९६२ साली जोसेफ मरे यांनी मृत माणसाचं मूत्रपिंड एका रुग्णाला बसवलं, ॲझाथायोप्रिन दिलं, आणि तो रुग्ण वर्षाहून जास्त जगला.

यकृताचं काम त्याहून अवघड. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली डेन्व्हरमध्ये माणसावरचं पहिलं यकृतारोपण केलं, ते बाळ टेबलावरच गेलं. पुढचे रुग्णही फार जगले नाहीत. १९६७ साली मात्र त्यांचे रुग्ण वर्षापलीकडं जगू लागले. तेव्हाच्या औषधांत ॲझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड होतीच. पुढं सायक्लोस्पोरिन आलं, टॅक्रोलिमस आलं, आणि आरोपणात ॲझाथायोप्रिनची मोठी जागा त्यांनी घेतली. भारतात पहिलं यशस्वी यकृतारोपण व्हायला १९९८ साल उजाडलं. पण ज्याचं यकृत बदलायचं नाही, आहे तेच वाचवायचं आहे, त्याच्यासाठी स्टेरॉइड आणि ॲझाथायोप्रिन हीच जोडी आजही जगभर वापरतात.

ही गोळी नेमकं करते काय? शरीरात तिचं ६-मर्कॅप्टोप्युरिन होतं आणि त्यातून पुढं त्या कच्च्या विटा तयार होतात. इतर पुष्कळ पेशी जुन्या विटा गोळा करून काम भागवतात. लिम्फोसाइटला मात्र वाढायचं तर नव्या विटा पाडाव्याच लागतात. त्यामुळं फसते ती मुख्यतः तीच. यकृतावर चालून आलेल्या टी पेशींची संख्या वाढेनाशी होते. शिवाय चिथावलेल्या टी पेशीला जगण्यासाठी जो आतला इशारा लागतो, त्यातही या औषधानं अडथळा येतो आणि ती पेशी आपोआप मरते, असं अलीकडच्या संशोधनातून दिसलं. हल्ला ओसरला, की यकृत स्वतःच स्वतःला सावरू लागतं. वाढण्याची त्याची ताकद मोठी आहे.

पण लगाम म्हटला की तो सगळ्याच घोड्यांना लागतो. हाडांच्या मगजात रक्तपेशी सतत तयार होत असतात. औषधाची मात्रा जास्त झाली तर तेही काम मंदावतं, पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा ताप जिवावर बेतू शकतो. काही माणसांत हे औषध मोडणारी विकरं जन्मतःच कमी असतात, आपल्या आशियाई लोकांतही असा एक दोष बऱ्याच जणांत आढळतो. म्हणून ठरावीक काळानं रक्त तपासायचं, ते चुकवायचं नाही. क्वचित हे औषध यकृतालाही मानवत नाही, तेही या तपासणीतच कळतं.

आता त्या फोनची गोष्ट.

६-मर्कॅप्टोप्युरिन शरीरात फार लवकर मोडतं, हे ट्रूडीला सलत होतं. ते मोडणाऱ्या विकराला अडवलं तर औषध जास्त टिकेल, असा विचार करून त्यांनी एक द्रव्य वापरून पाहिलं. नाव ॲलोप्युरिनॉल. औषध टिकलं खरं, पण त्याबरोबर दुष्परिणामही तितकेच वाढले, म्हणून त्या कामी त्याचा उपयोग झाला नाही. मात्र तेच विकर शरीरात युरिक ॲसिड तयार करतं. म्हणजे युरिक ॲसिड कमी करायला हे औषध नामी! १९६० च्या दशकात ते संधिवाताच्या त्या प्रकारावर आलं आणि आजही घरोघरी आहे. आपल्याकडे झायलोरिक म्हणतात तेच.

मी हे वाचलं आणि थबकले. आठच दिवसांपूर्वी बहीण फोनवर म्हणाली होती, की पायाचा अंगठा सुजला होता, युरिक ॲसिड वाढलंय म्हणून गोळी दिलीय, आता बरं आहे. मी तेव्हा टोमॅटो कमी खा वगैरे सल्ले देऊन मोकळी झाले होते. आता नाव विचारलं. तिनं चष्मा लावून पाकिटावरचं वाचून दाखवलं. झायलोरिक. दोन्ही गोळ्या एकाच बाईच्या टेबलावर जन्मलेल्या, आणि एकमेकींबरोबर घेतल्या तर पहिलीचं बळ कितीतरी पटींनी वाढवणाऱ्या. एकत्र द्यायचीच वेळ आली, तर ॲझाथायोप्रिन एक चतुर्थांशाच्या आसपास उतरवतात आणि रक्तावर बारीक नजर ठेवतात. माझी बहीण ते पूर्ण मात्रेत घेत होती.

चूक त्या डॉक्टरांची म्हणावी, तर त्यांनी विचारलं होतं. बीपीची गोळी आहे का, साखरेची आहे का, आणखी काही चालू आहे का? तिनं नाही म्हटलं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. वीस वर्षांची सवयीची गोळी तिला औषध वाटतच नव्हती. दुसऱ्याच दिवशी ती यकृताच्या डॉक्टरांकडं गेली. एरवी पाच-साडेपाच हजार असणाऱ्या पांढऱ्या पेशी अडीच हजारांवर आल्या होत्या. त्यांनी दोन्ही गोळ्या काही दिवस थांबवल्या, दर तीन-चार दिवसांनी रक्त पाहिलं. महिनाभरात आकडा सावरला. मग तीच पिवळी गोळी पुन्हा सुरू झाली, कारण ती कायमची बंद केली असती तर कुंपण पुन्हा शेतात शिरलं असतं. अंगठ्याच्या दुखण्याला त्यांनी निराळा मार्ग काढला. आता तिच्या पर्समध्ये एक पुठ्ठ्याचं कार्ड असतं, त्यावर सगळ्या औषधांची नावं मी माझ्या हातानं मोठ्या अक्षरांत लिहून दिली आहेत.

ट्रूडीची गोष्ट इथं संपत नाही. १९५६ साली तिची आईही कर्करोगानं गेली. १९७० मध्ये प्रयोगशाळा नॉर्थ कॅरोलिनात हलली, तीही गेली. तिथं तिच्या चमूनं विषाणूंवरचं ॲसायक्लोव्हिर आणलं. आपल्याकडे नागीण झाली की डॉक्टर जी गोळी देतात, ती हीच. १९८३ साली ती निवृत्त झाली, पण घरी बसली नाही. १९८८ चं वैद्यकाचं नोबेल हिचिंग्ज, ब्रिटनचे जेम्स ब्लॅक आणि एलियन यांना विभागून मिळालं. ज्या ब्रुकलिनच्या संस्थेतली डॉक्टरेट तिला सोडावी लागली, त्याच संस्थेनं पुढच्याच वर्षी तिला सन्मानाची डॉक्टरेट दिली. तिला ऑपेराचं वेड होतं, फोटोग्राफीचा छंद होता, देशोदेशी हिंडायची हौस होती. मुलं-नातवंडं नव्हती, पण तिच्या औषधानं बरे झालेल्यांची आणि त्यांच्या आईबापांची पत्रं तिच्याकडं येत आणि ती ती जपून ठेवी. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी, एक्याऐंशीव्या वर्षी, ती गेली.

माझं व्याख्यान त्या २८ तारखेला झालं. बायका बऱ्याच आल्या होत्या. बहीणही मागच्या रांगेत येऊन बसली होती. मी गर्ट्रूड एलियनचं चरित्र सांगितलं आणि शेवटी सगळ्यांना एकच विनंती केली. घरी गेल्यावर आपल्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहून काढा, सवयीच्या गोळ्याही सोडू नका, आणि कुठल्याही डॉक्टरांकडं जाताना तो कागद पुढं करा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण चार-पाच जणींनी तिथंच पर्समधून पेन काढलं.

रात्री बहीण आमच्याकडंच राहिली. जेवणं झाली. तिनं पर्स उघडली, फिकट पिवळी गोळी काढली, आणि या खेपेस टीव्हीकडं न बघता ती क्षणभर तळहातावर धरून ठेवली. मग पाण्याचा घोट घेतला.